सातवी कमान

१

मुतह्हरचं दुकान सकाळी वेळेवर उघडायचं ते कधी चुकलं नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. माणूस आळशी नव्हता. पहाटेची नमाज झाली की आलं घातलेला कढत किशर, म्हणजे कॉफीच्या सालींचा काढा, पिऊन तो जिना उतरायचा, जिप्सम बारीक चाळणीतून चाळायचा, फळीवर तेलाचा हात फिरवायचा, सुऱ्यांना धार काढायचा. मग पाणी घालून गिलावा कालवायचा आणि फळीवर ओतून बोटभर जाडीची अर्धगोल लादी पसरायचा. तिच्यावर कर्कटकानं वर्तुळं आखायचा, वर्तुळात वर्तुळं, आणि त्यांच्या छेदांतून पाकळ्या. इथवर सगळं झकास व्हायचं. मग तो सुरी उचलायचा, आणि तिथंच घोडं पेंड खायचं.

सना शहरात प्रत्येक खिडकीच्या डोक्यावर कमान असते आणि त्या कमानीत रंगीत काचांची चंद्रखिडकी. ओल्या लादीतल्या पाकळ्या कापून काढायच्या, भोकांना मागून काचा लावायच्या, की झाली. पण गिलावा कुणासाठी थांबत नाही. लवकर कापला तर कडा ढासळतात, उशीर केला तर त्याचा दगड होतो. मधे पेलाभर चहा पिऊन व्हावा एवढाच वेळ. तो वेळ नेमका कधी सुरू होतो हे मुतह्हरचे वडील, उस्ता लुत्फ, लादीच्या कडेला अंगठा दाबून ओळखायचे आणि सुरीच्या मुठीनं फळीवर दोनदा ठोकायचे. टक, टक. म्हणजे काप. तीस वर्षं मुतह्हर त्या टकटकीवर कापत आला होता. त्याचा हात बापापेक्षा सफाईदार आहे असं लुत्फ त्याच्या पाठीमागं साऱ्या बाजारात सांगायचे. अंगठा मात्र मुतह्हरनं कधी लावला नव्हता. बाप समोर बसलेला असताना कशाला लावायचा?

सात महिन्यांपूर्वी उस्ता लुत्फ वारले, आणि तेव्हापासून मुतह्हरचा हात सुरीसकट हवेत अडकून राहायला लागला. आता? की अजून थोडं? की उशीर झाला? एवढा विचार होईतो लादी खणखणीत वाजायला लागायची. वाया गेलेल्या लाद्या गल्लीतले लोक घेऊन जायचे. कुणी न्हाणीत पाय घासायला नेली, कुणी पिठाच्या पिंपावर झाकण म्हणून. सगळ्या गल्लीचं भलं झालं, एका मुतह्हरचं सोडून.

"यह्याचे बाबा, आज काय कापलंत?" दुपारी त्याची बायको नजिबा विचारायची.

"आज जमेल असं वाटत होतं."

"वाटत होतं ते कळलं. कापलं काय?"

"काही नाही."

"मग कांदा तरी कापा. बसा इथं."

तो बसून कांदा कापायचा. एकसारखा, कागदासारखा पातळ, बोलता बोलता. नजिबा मेथीचा फेस घोटता घोटता त्याच्या हाताकडं बघायची.

"बघा," ती एकदा म्हणाली, "कांद्याला नाही विचारलंत, आता कापू का म्हणून."

त्याच दिवशी, बुधवारी, हमूद दुकानात आला. मनुक्यांचा व्यापारी, पोट सुटलेला, जिभेला हाड नसलेला. त्याच्या घराच्या सात चंद्रखिडक्या गेल्या वर्षीच्या गारपिटीनं फुटल्या होत्या. सहा उस्ता लुत्फनी नव्या करून दिल्या. सातवीचं माप घेतलं आणि दुसऱ्या दिवशी अंथरूण धरलं.

"पुढच्या गुरुवारी हूरियाचं लग्न आहे, उस्ता," हमूद म्हणाला. "माझी पोरगी नटूनथटून बसणार आणि तिच्या डोक्यावर फळ्या ठोकलेली कमान? माझी आई मला जिवंत ठेवेल का?"

"दुसऱ्या कुणाकडून करून घे ना."

"मी म्हटलं तसं. तर आई, आमची हज्जा, म्हणते, सहा लुत्फच्या, सातवी लुत्फच्या पोराची. नाहीतर भोक तसंच राहू दे. आता तूच सांग, बाईशी कोण भांडणार? चौऱ्याऐंशी वर्षांची आहे आणि काठी अजून नेमकी लागते."

मुतह्हरनं मनाशी ठरवून टाकलं. ही सातवी झाली नाही तर दुकानाला कुलूप, आणि पुन्हा सुरीला हात लावायचा नाही. ठरवल्यावर त्याला बरं वाटलं, कारण आता टाळायला जागा उरली नव्हती.

२

हमूदच्या घरी सहाव्या मजल्यावर मफ्रज आहे, म्हणजे घरातली सगळ्यात वरची आणि सगळ्यांची लाडकी बैठकीची खोली. पश्चिमेच्या भिंतीला एका ओळीत सात खिडक्या, वर सात कमानी. मुतह्हरनं संध्याकाळी शिडी लावून सातवीचं माप घेतलं. आडव्या फळ्या, मधल्या फटींत माती लिंपलेली. हमूदनं काम पक्कं करवून घेतलं होतं, वाऱ्याची झुळूकही येत नव्हती.

"आता बस की," हमूद म्हणाला. "कमान काही पळून जात नाही."

पाच-सहाजण भिंतीला टेकून बसले होते, गालात गात नावाच्या झुडपाच्या, नशेसाठी चघळायच्या कोवळ्या पानांचे गोळे. कुणाच्या तरी तिसऱ्या लग्नावरून चेष्टा चालली होती. मग दिवस कलला आणि बोलणं आपोआप विरलं. रोजच असं होतं. या वेळेला सुलेमानाची घटका म्हणतात, आणि ती मोडणाऱ्याला लोक रानटी समजतात. प्रत्येकजण समोरच्या ऐबान डोंगराकडं बघत आपापल्या विचारात बुडतो.

मुतह्हर मात्र जमिनीकडं बघत होता. वडिलांच्या सहा खिडक्यांचे सहा रंगीत तुकडे गालिच्यावर पडले होते. चांगल्या चंद्रखिडकीला दोन पाती असतात. आतलं रंगीत काचांचं आणि भिंतीच्या बाहेरच्या अंगाला एक नुसतं कोरीव, बिनकाचेचं. म्हणून खाली पडलेल्या रंगात आणखी एक बारीक सावली असते, आणि जाणता माणूस ती बघून कारागीर ओळखतो. सहाही तुकड्यांत लुत्फची सावली होती. मुतह्हरनं एकेक बघत डोळ्यांनी ओळ पुरी केली, आणि त्याची नजर सहाव्याच्या पुढं गेली.

तिथं सातवा तुकडा होता.

त्याला रंग नव्हता. नुसता पांढरा उजेड, आठ पाकळ्या, आणखी तीन पाकळ्यांची रिकामी जागा, आणि मधोमध एक काळं वर्तुळ. त्यानं वर बघितलं. फळ्या जागच्या जागी होत्या. माती सुटली असेल, फट पडली असेल, त्यानं स्वतःला समजावलं. समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवरून ऊन उलटून आलं असेल. पण फटीतून पट्टे पडतात, पाकळ्या पडत नाहीत, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

आणि मग फळ्यांच्या पलीकडून आवाज आला. टक, टक.

कुणी मान वळवली नाही. हमूद डोंगराकडं बघत होता, त्याच्या शेजारचा हमूदच्या गुडघ्याकडं. मुतह्हरला भीती वाटली नाही. त्याचे डोळे भरून आले. सात महिने ज्या आवाजासाठी त्याचा हात अडकला होता तो आवाज तिथं होता, सहाव्या मजल्यावर, भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, जिथं पाय ठेवायला वीतभरही जागा नव्हती.

३

दुसऱ्या दिवशी त्यानं फळी आणि जिप्समची पोती सहा मजले चढवून वर आणली.

"काम इथंच करतो, हज्जा."

"कर की," हज्जा घालिया म्हणाली. जाड चष्म्याआडून तिनं त्याला निरखलं. "गालिचा गुंडाळून ठेव. आणि जेवत जा जरा, तुझ्या बापाचं नाक तेवढं उरलंय तोंडावर."

त्यानं गिलावा ओतला, आखणी केली, सुरी घेऊन बसला. टक, टक. त्यानं विचारच केला नाही, सरळ सुरी घातली. सात महिन्यांतला पहिला काप! पुढच्या क्षणी पाकळीच्या कडा वितळून खाली बसल्या. गिलावा अजून पातळ होता. आपल्याच ऐकण्यात चूक झाली असेल, तो म्हणाला.

शुक्रवारी तो हात उचलून बसला आणि आवाज आलाच नाही. लादी पांढरीफटक पडली, मग तिच्यावरचा ओलसरपणा उडाला, मग ती वाजायला लागली. तेव्हा आला. टक, टक. शनिवारीही तेच. सुरीचं टोक मोडून त्याच्या मांडीवर पडलं.

कबुतरं असतील. लाकूड उन्हानं आक्रसतं तेव्हा वाजतं. अशी कारणं त्यानं स्वतःला रोज दिली, आणि रोज संध्याकाळी गालिचा पुन्हा अंथरून तो सातव्या तुकड्याशी उकिडवा बसला. गुरुवारी नऊ पाकळ्या होत्या. शुक्रवारी दहा. शनिवारी अकरा. एक लादी वाया, एक पाकळी जास्त. आणि नक्षी अशी होती की त्याला स्वतःची लाज वाटली. एकही रेष चुकलेली नाही, कुठं हात हललेला नाही. कान देऊन ऐकलं तर पलीकडं ओल्या गिलाव्यातून सुरी फिरल्याचा मऊ आवाज येत होता. कुणीतरी फार सावकाश काम करत होतं. त्याला वेळ हवा होता, आणि वेळ मुतह्हर पुरवत होता.

हा शेवटचा विचार त्यानं मनातून ढकलून दिला. बापाबद्दल असं मनात आणायचं नसतं.

"बाबा वर येतात," त्यानं रात्रीच्या जेवणाला नजिबाला सांगितलं. सगळं सांगितलं.

नजिबानं भाकरी मोडली, अर्धी त्याच्यापुढं ठेवली. "बाबांनी उभ्या आयुष्यात कधी चुकीच्या वेळी ठोकलं होतं?"

"कधीच नाही."

"मग ते बाबा नव्हेत," ती म्हणाली. "रस्सा घ्या अजून, गार होतोय."

तो ताटावरून उठून गेला. इतका राग त्याला का आला हे त्याला झोप लागेपर्यंत कळलं नाही.

४

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला तो जिना चढला. बायकांना आडोशाला जायला वेळ मिळावा म्हणून प्रत्येक मजल्यावर रिवाजाप्रमाणं हाळी दिली, "अल्लाह, अल्लाह." वर कुणाची पावलं वाजली नाहीत, कपड्याची सळसळ ऐकू आली नाही. खोली मोकळी असेल असं समजून तो थेट दारात गेला.

हूरिया आत बसली होती. लग्नाच्या ओढणीला चमकी शिवायला बसली असावी. चेहरा उघडा होता आणि तिनं तो झाकला नाही. तिचा उजवा हात खांद्याच्या वर होता, बोटांत सुई, सुईतून लोंबणारा लाल दोरा. डोळे उघडे. शेजारच्या चहावर साय धरली होती, आणि साय सुकून तिला चिरा पडल्या होत्या.

मुतह्हरनं मान फिरवली. पण मान फिरवतानाच त्याला दिसलं की ती कुठं बसली आहे. सकाळचे दहा वाजले होते, ऊन घराच्या पलीकडल्या बाजूला होतं, आणि पश्चिमेच्या भिंतीतून आलेला पांढरा तुकडा हूरियाच्या मांडीवर पडला होता.

मागून काठी आपटत हज्जा आली. "अगं ए हूरिया! परका माणूस दारात उभा आहे आणि तू अशी बसलीस? शरम विकून खाल्लीस की काय?"

पोरगी दचकली. हात खाली आला, पदर तोंडावर आला. "आत्ता तर बसले, आजी."

"आत्ता? पहाटे फज्रला बसलीस तू! एक चमकी लावलेली नाहीस!"

"लावतच होते," हूरिया म्हणाली. तिला खरंच कळत नव्हतं. "म्हटलं, इथं लावावी, की जरा बाजूला..."

मुतह्हर भिंतीकडं तोंड करून उभा होता. त्या उचललेल्या हाताची उंची त्याच्या ओळखीची होती. सात महिने तो हात त्यानं आतून भोगला होता, बाहेरून आज पहिल्यांदा बघितला. गुरुवारी हीच पोरगी इथं दिवसभर बसणार होती. तोवर मधलं वर्तुळही कापून झालं असतं.

"हज्जा, नवरीला इथं बसवू नका."

"अरे, नवरीची जागाच ती. मी तिथंच बसले, माझी सासू तिथंच बसली."

"मग ही खोली आज दिवसभर मला द्या. कुणी वर यायचं नाही. आवाज आला तरी नाही."

हज्जानं त्याच्याकडं बघितलं. काय दिसलं कुणास ठाऊक, पण तिनं नातीच्या दंडाला धरलं आणि काहीही न विचारता तिला खाली घेऊन गेली.

५

त्यानं दाराला कडी घातली. गिलावा कालवला आणि फळी ओढत नेऊन नेमकी त्या पांढऱ्या तुकड्यावर ठेवली. गिलावा ओतला. अकरा पाकळ्या ओल्या लादीवर उमटल्या, स्पष्ट, कापायला तयार. नुसती त्यांच्यावरून सुरी फिरवली असती तरी जगातली सगळ्यात सुंदर चंद्रखिडकी तयार झाली असती.

त्यानं कर्कटक उचललं आणि त्या पाकळ्यांवर आडव्यातिडव्या आपल्या रेषा ओढल्या. ठरवून काही आखलं नाही. डाळिंबाचं झाड आलं हातात, कारण दुकानासमोर तेच होतं. टक, टक. फार लवकर होतं ते, आणि या वेळी त्यानं ते नुसतं ऐकलं आणि सोडून दिलं. मग लादीच्या कडेला डावा अंगठा दाबला. आयुष्यात पहिल्यांदा.

थंड. वरून मऊ, आणि खाली थोडासा विरोध. एवढंच होतं तर! अंगठ्याच्या पेरावर सुरीचा जुना व्रण होता, त्या तिरप्या रेषेचाही ठसा लादीत उमटला.

"कापतो," तो मोठ्यानं म्हणाला आणि त्यानं सुरी घातली.

कड उभी राहिली. दुसरा काप. तिसरा. पलीकडची टकटक आता मोजूनमापून येत नव्हती. ती फळ्यांवरून खाली भिंतीत आली, भिंतीतून जमिनीत आली, आणि मग त्याच्या पाठीमागं, हाताच्या अंतरावर. टक, टक, टक, टक. गुडघ्यापुढच्या फळीला त्याचे हादरे बसत होते. मागं वळून बघावं असं त्याला फार वाटलं. पण वळलो तर हात थांबेल, आणि हात थांबला की संपलं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. चौथ्या फांदीवर सुरी घसरली आणि पान भलतंच रुंद झालं. एरवी त्यानं लादीच टाकून दिली असती. आज त्यानं पुढचं पानही रुंद केलं, त्याच्या पुढचंही, आणि सगळं झाड वाऱ्यानं झुकावं तसं एका बाजूला झुकलं. झुकलं तर झुकलं, तो पुटपुटला, वारा असतोच की आमच्याकडं.

शेवटचा तुकडा निघाला तेव्हा सुरी त्याच्या हातातून गळून पडली. खोलीत काहीही वाजत नव्हतं. फळीभोवतीच्या जमिनीवर साधी, राखाडी सकाळ होती.

दोन दिवस लादी गच्चीवर उन्हात वाळली. नजिबानं काचा निवडून दिल्या, हिरव्या आणि डाळिंबी. "वाकडं आहे," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "पण तुमचं आहे. बाबांचं असं कधी नव्हतं." तिनं पदरानं डोळे पुसले आणि गिलाव्याची धूळ गेली म्हणून सांगितलं.

बुधवारी दुपारी त्यानं सातव्या कमानीच्या फळ्या काढल्या. बाहेर आभाळ, ऐबान डोंगर, एक घार. बाकी काही नाही. कमानीच्या तळाशी मात्र पांढऱ्या गिलाव्याचे तुकडे रचून ठेवले होते, कापून काढलेल्या पाकळ्या, एकावर एक, नीट. त्यानं मोजल्या. अकरा. त्या ओल्या होत्या. त्यानं हातानं सगळ्या बाहेर लोटल्या, आपली लादी उचलून आतल्या अंगाला बसवली आणि कडा लिंपून टाकल्या. सहा मजले खाली काही पडल्याचा आवाज त्याला आला नाही. बाहेरचं पातं लग्नानंतर सावकाश बसवायचं ठरलं.

६

त्याच संध्याकाळी हमूदनं खिडकीच्या मानाची बैठक बोलावली. बायका खाली मेंदीत होत्या, त्यांच्या ढोलाचा आवाज जिन्यातून वर येत होता.

"वाकडं झाड काढलंय लेकानं," हमूद म्हणाला, "आणि नजर हलत नाही त्याच्यावरनं. लुत्फ असता तर आधी शिव्या घातल्या असत्या, मग मिठी मारली असती."

सगळे हसले. मुतह्हरही हसला. सात महिन्यांनी त्याला पोटातून हसू आलं. मग ऊन खाली आलं, बोलणं विरलं, सुलेमानाची घटका झाली, आणि गालिच्यावर रंगाचे सात तुकडे पडले. सातव्यात त्याचं झाड होतं, डाळिंबी, हिरवं, झुकलेलं. तो ते डोळे भरून बघत राहिला.

झाडाच्या आत आणखी एक बारीक सावली होती.

बाकीच्या सहांत होती तशीच, म्हणून कुणाच्या लक्षात येणं शक्य नव्हतं. पण सहांना दोन पाती होती. सातवीला एकच होतं. त्यानं मोजलं. अकरा पाकळ्या उजेडाच्या, आणि मधोमध एक वर्तुळ, अजून न कापलेलं. उद्या सकाळी हूरिया तिथं बसणार होती.

टक, टक.

त्याचा उजवा हात मांडीवरून आपोआप उठला आणि खांद्याच्या वर जाऊन थांबला. शेजारच्यानं बघितलं नाही. उद्या बघू, मुतह्हरच्या मनात आलं. बाहेरचं पातं असेल तर ओलं असेल, वाळू द्यावं. नीट विचार करून, दिवसाउजेडी, घाई कशाला... आणि हे बोलणं आपलं नव्हे हे त्याला त्याच क्षणी कळलं. कसं कळलं, ते विचारत तो बसला नाही. त्यानं डाव्या हातानं उजवा हात धरून खाली ओढला.

"हमूद, विहिरीचा दोर आण."

सगळ्या माना वळल्या. या घटकेला कुणी बोलत नाही, कुणाच्या घरी कुणी मेलं तरी.

"डोकं फिरलं काय तुझं? बस खाली."

"दोर आण म्हणतो ना! आणि सगळे गच्चीवर चला, मला खाली सोडायचंय. आत्ता. अंधाराच्या आत."

असा आवाज त्यांनी मुतह्हरच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. लुत्फच्या तोंडून ऐकला होता. कुरकुरत, एकमेकांकडं बघत सगळे उठले. शेवटी मुतह्हर निघाला आणि त्यानं मागं वळून खात्री करून घेतली. मफ्रजमध्ये आता कुणी नव्हतं.

कंबरेला दोर, पट्ट्यात सुरी, हातात हातोडा. वरून हमूदच्या शिव्या आणि पाचजणांचं धापा टाकणं. भिंतीला पाय लावत तो सातव्या कमानीसमोर आला आणि लोंबकळत राहिला.

पातं तिथं होतं. पांढरंशुभ्र, कडा धारदार, अकरा पाकळ्या अशा की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. मधलं वर्तुळ आखलेलं होतं, कापलेलं नव्हतं. वर्तुळाच्या बरोबर मध्यावर, गिलावा तयार झाला का हे बघायला कुणीतरी अंगठा दाबला होता. त्या ठशात एक तिरपी रेघ होती.

मुतह्हरनं आपला डावा अंगठा त्यात ठेवला. तो चपखल बसला. गिलावा ओला होता, थंड, वरून मऊ आणि खाली थोडासा विरोध. कापायला याहून चांगला क्षण त्याच्या आयुष्यात कधी आला नव्हता.

टक, टक.

या वेळी आवाज आतून आला, त्याच्या झाडाच्या मागून, त्या रिकाम्या खोलीतून. अगदी वेळेवर. बाबांसारखा.

"झालं का रे?" वरून हमूद ओरडला. "हात सुटतायत आमचे!"

"होतंय," मुतह्हर म्हणाला. त्यानं अंगठा काढून घेतला आणि हातोडा उचलला. हात वर गेला, आणि वर थांबला नाही.